गेरूचा पट्टा, नारिंगी ठिपका

एकसष्टाव्या वर्षी मी एक मूर्खपणा केला. जी झाडं जगवायची होती, त्या सगळ्यांवर मीच, माझ्या हाताने, तोडण्याची खूण केली. एक-दोन नव्हे, एकशे बारा. आणि घाईगडबडीत केली असं म्हणायचीही सोय नाही. प्रत्येक झाडापाशी थांबले, मान वर करून शेंड्यापर्यंत पाहिलं, खोडावरून हात फिरवला, "तू राहा हो" असं मनात म्हटलं, आणि मग ठिपका दिला. इतक्या मायेने कुणी कुणाचा काटा काढला नसेल.

आता मी चौसष्टची आहे, म्हणजे पोक्त. तेव्हाची ती एकसष्टची पोर आठवली की आधी हसू येतं. हसून झालं की जे येतं त्याला नाव आहे, पण ते इथेच सांगितलं तर तुम्ही पुढे कशाला वाचाल?

काल सकाळी चहाचं आधण ठेवलं आणि खिडकीबाहेरून तो आवाज आला. टक-टक-टक. रंगाच्या डब्यात एक गोळी असते, फवारण्याआधी डबा हलवला की ती आत आपटते. आमचं घर आयर्लंडातल्या कासलबार गावापासून गाडीने पंधरा मिनिटांवर, आणि रस्त्यापलीकडे शेजाऱ्याचं रान. नोव्हेंबरात लार्चच्या झाडांची सुयांसारखी पानं पिवळी होऊन गळतात, रानात उजेड शिरतो, आणि मग इथली माणसं डबे घेऊन आत जातात. दाट लावलेल्या रानातली काही झाडं काढली की उरलेल्यांना ऊन मिळतं, जागा मिळते. विरळणी म्हणा. आपल्याकडे बाजरीची करतात तशीच, फक्त ही वीस वर्षांनी येते. शेजारी ठिपके देत चालला होता. वाकड्या झाडाला एक, दुबेळक्या झाडाला एक, शेंडा वाळलेल्याला एक. सरळसोट झाडांना त्याने हातही लावला नाही.

मी गॅस बंद केला. चहा नकोसा झाला.

माझे बाबा आलापल्लीच्या सागवानात नाकेदार होते. नाकेदार म्हणजे वनरक्षक. खाकी सदरा, हातात काठी, आणि पगाराच्या मानाने फार मोठं रान. थंडीत कूप निघायचा, म्हणजे रानाचा एक तुकडा तोडीला लागायचा. त्याआधी खुणा करायला जाताना बाबा मला कधीमधी सोबत न्यायचे. गेरूचं डबडं धरायचं काम माझं. तोडायच्या झाडाची साल बुंध्याशी कुऱ्हाडीने तासायची आणि त्यावर लोखंडी हातोड्याचा शिक्का. राखायच्या झाडाला मात्र छातीच्या उंचीवर गेरूचा पट्टा. छातीची उंची म्हणजे बाबांच्या सदऱ्याचं दुसरं बटण. ओला गेरू सालीवर चढला की कोऱ्या माठासारखा वास यायचा आणि माझी बोटं चार दिवस तांबडी राहायची. बाबा म्हणायचे, "रंग लागला त्याला धक्का लागत नाही, बाई."

ते वाक्य मी पन्नास वर्षं जपलं, विमानात बसवून आयर्लंडला आणलं, आणि इथल्या एकशे बारा झाडांच्या मुळावर उठवलं.

मी इथे आले दोन हजार चौदात, यजमान गेल्यावर. लेक मुग्धा कासलबारच्या मोठ्या इस्पितळात डॉक्टर. जावई पराग पुण्याचा, घरात बसून कॉम्प्युटरवर नोकरी करतो. नात ईरा तेव्हा पाच वर्षांची; मी मराठीत विचारायचे, ती इथल्या मेयो परगण्याच्या हेलातल्या इंग्रजीत उत्तर द्यायची, आणि दोघींचं छान चालायचं. बाकी घरात मला कामच नव्हतं. भांडी मशीन घासायचं, कपडे मशीन वाळवायचं, आणि कपाटाला इथे प्रेस म्हणतात एवढंसुद्धा मला ईराकडून शिकावं लागलं. या घरात त्यांना येत नव्हती आणि मला येत होती अशी एकच गोष्ट होती. झाड बघणं.

घराबरोबर मागचं दोन एकर रानही आलं होतं. स्प्रूसचं, म्हणजे सुईच्या पानांच्या, बारमाही हिरव्या झाडांचं. आधीच्या मालकाने वीस वर्षांपूर्वी ओळी आखून लावलेलं, इतकं दाट की भर दुपारी आत दिवेलागण. मी पहिल्यांदा आत गेले तेव्हा खाली गवताचं पातं नव्हतं, नुसत्या तपकिरी सुया आणि शेवाळ, पाऊल टाकलं की गादीवर पडावं तसं. वर कुठेतरी वारा होता, खाली काहीच हलत नव्हतं. मला ते रान आवडलं नाही. पण ते गुदमरतंय हे कळलं, आणि ज्याचं गुदमरणं कळतं त्याला सोडून जाता येत नाही.

परागचा बेत वेगळा होता. सगळं साफ करून ईराला खेळायला हिरवळ करायची. मी म्हटलं, जावईबापू, मला थोडा वेळ द्या, मी हे रान नीट करून दाखवते. मुग्धाने दोघांच्या मध्ये पडून निकाल दिला. "आई, ते रान तुझं. पण जे करशील ते शिकून कर. नाही जमलं तर मग लॉन."

म्हणून दोन हजार सोळाच्या सप्टेंबरात मी कॉलेजात जायला लागले. शेतकी कॉलेज, छोट्या रानमालकांसाठी शनिवारचा वर्ग. आयुष्यात पहिल्यांदा पँट घातली, तीही जावयाची, पावसाळी, घोट्याशी चार घड्या घालून. बूट एक नंबर मोठे, आत दोन मोजे. हेल्मेट घालून आरशात पाहिलं तर खाणीतून बाहेर काढलेली बाई दिसली. पहिल्या दिवशी ईराने गाडीतून "आजी" अशी हाक मारली, वर्गातल्या आठ शेतकऱ्यांना वाटलं हेच माझं नाव. मीही दुरुस्त केलं नाही. सहा फुटी म्हाताऱ्यांनी आजी म्हणावं, यात एक सुख आहे.

नोरा म्हणून बाई शिकवायची. चाळिशीची, आवाज करवतीसारखा, हात त्याहून खरखरीत. खोडाभोवती गुंडाळली की थेट जाडी सांगणारी टेप तिने शिकवली. ओंडक्याचे गोल काप ती बाकांवरून फिरवायची. आम्ही सुईच्या टोकाने वर्षं मोजायचो, कुठे दुष्काळाचं बारीक वर्तुळ, कुठे शेजारचं झाड पडल्यावर अचानक सुटलेलं रुंद. कुठलं लाकूड छपराला जातं, कुठलं कुंपणाच्या खांबाला, कुठलं नुसतं भुशाला. बाहेर पाऊस, आत हीटरवर वाळणाऱ्या लोकरी टोप्यांचा वास, ताज्या चिरलेल्या लाकडाचा आंबूस-गोड वास. मला वाटायचं, बाबा असायला हवे होते. मग वाटायचं, नकोत, पँट बघितली असती.

सगळी कामं जोडीने करायची. माझा जोडीदार डोनल. पासष्टीचा, बायको जाऊन सहा वर्षं झालेली, गालांवर थंडीची लाली, खिशात कायम पेपरमिंटच्या गोळ्या. त्याचं स्वतःचं रान होतं. थोडा लाकडाचा धंदाही करायचा, पण हे त्याने सांगितलं तेव्हा मी त्याच्या ओंजळीत चिवडा घालत होते, माझे कान तिकडे नव्हते. मी सागाबद्दल बोलायला लागले की तो टोपी काढून मांडीवर ठेवायचा आणि ऐकायचा. माझं इतकं कुणी ऐकलं नव्हतं. यजमानांनीसुद्धा नाही, देव त्यांचं भलं करो, ते बातम्या ऐकायचे. डोनलला मी कुपाची गोष्ट सांगितली, हातोड्याची सांगितली, गेरूची सांगितली. दुसऱ्या बटणाचीही. तो म्हणाला, फार सुंदर रीत आहे. ही गोष्ट ध्यानात असू द्या.

आणि सांगायला लाज वाटते, पण शनिवारी मी हेल्मेटखाली केसांना दोन पिना जास्त लावायचे. हेल्मेटखाली! कुणाला दिसणार होत्या? मुग्धा नुसती भुवई वर करायची. डोनल त्याच्या जुन्या गाडीतून मला घ्यायला यायला लागला तेव्हा पराग दारातून ओरडायचा, "आई, युअर मॅन आला." इथे कुणाही गड्याला युअर मॅन म्हणतात हे मला ठाऊक होतं. तरी कानाच्या पाळ्या गरम व्हायच्या. एकसष्टची पोर, काय करणार.

नोव्हेंबरात झाडं निवडायचा धडा लागला. पहिल्या शनिवारी नोराने कॉलेजच्या रानात आम्हाला उत्तम झाडं शोधायला लावली. सरळ खोड, भरलेला शेंडा, बारीक फांद्या. सापडलं की त्याला निळी फीत बांधायची. मी सगळ्यांत आधी संपवलं. नोरा माझ्या झाडांमधून हिंडून आली आणि म्हणाली की एकही चुकलं नाही. त्या रात्री मला झोप लागली नसावी, किंवा लागली असेल तर हसत लागली असेल.

पुढच्या शनिवारी रंगाचा धडा होता. नेमक्या ईराला कांजिण्या निघाल्या. मुग्धाची ड्यूटी, परागला लहानपणी त्या आल्या नव्हत्या म्हणून तो खोलीच्या दारातूनच "कशी आहेस पिल्लू" करत होता. मी घरी राहिले, कडुनिंब नव्हता म्हणून ओटचं पाणी करून पोरीला अंघोळ घातली. संध्याकाळी डोनलला फोन केला आणि विचारलं, आज काय शिकवलं. तो म्हणाला, "वनरक्षकाच्या लेकीला सांगण्यासारखं काही नव्हतं, आजी. सगळं ग्रँड."

ग्रँड म्हणजे इथे भव्य वगैरे काही नाही. पाऊस थांबला, ग्रँड. ऑपरेशन पार पडलं, ग्रँड. पण मी त्या दिवशी ते भव्यच धरलं. दोन दिवस मी घरात वनरक्षकाच्या लेकीसारखी वावरले.

मग घरचा अभ्यास. आपल्या रानात आपण खुणा करायच्या, जोडीदाराने येऊन तपासायच्या आणि कागदावर सही करायची. विरळणी झाली की नोरा पाहायला येणार. मी तीन दिवस एकटी आमच्या रानात होते. थंडीने बोटं वळायची नाहीत, डब्यातली गोळी टक-टक करायची, आणि मी बाबांचं दुसरं बटण माझ्या रेनकोटच्या चेनवर मोजून प्रत्येक चांगल्या झाडाला गोल पट्टा मारत होते. पहिल्या दिवशी डोनल आला तेव्हा दहाएक झाडं झाली होती. तो बराच वेळ बघत राहिला. आधी त्या झाडांकडे, मग माझ्याकडे. मग म्हणाला की पट्ट्यात रंग फुकट जातो, ठिपका पुरे. आणि वाटेच्या बाजूने द्यावा, म्हणजे झाडं पाडायच्या मशीनवाल्याला लांबूनही दिसेल. मला ते पटलं. दिसलं म्हणजे चुकून धक्का लागायला नको! पहिल्या दहा झाडांनाही मी वाटेकडून एकेक ठिपका दिला.

तिसऱ्या दिवशी सगळे ठिपके देऊन झाल्यावर त्याने सही केली. वळणदार, लांब शेपटीची.

मी त्याच्या रानात गेले तेव्हा मला गलबलून आलं. बिचाऱ्याने सगळ्या वाकड्या, रोगट झाडांना ठिपके दिले होते. म्हणजे नेमकी तीच राखणार! इतक्या वर्षांचा शेतकरी, आणि हाताला धरून सांगणारं कुणी नाही. मी बोलणार होते. पण तो चहा ओतत होता, बायकोच्या जुन्या किटलीतून, आणि मला वाटलं, भल्या माणसाला कशाला खजील करा. मी गप्प बसले आणि सही केली. या सगळ्या प्रकरणात मला स्वतःचा सगळ्यांत जास्त राग येतो तो इथे. माझ्या मूर्खपणाचा नाही. माझ्या त्या मोठ्या मनाचा.

दोन एकरांसाठी कुणी मशीनवाला येत नाही, हे इथे सगळ्यांना माहीत आहे. डोनलच म्हणाला, त्याच्या भावाचं मशीन जवळच आलंय, जमीन चार दिवस गोठलेली आहे, नंतर चिखल होईल. परवाना मुग्धाने आधीच काढून ठेवला होता. लाकूड तो नेणार, त्या बदल्यात काम फुकट. पराग म्हणाला, आई, भारीच की. मशीन चालू असताना आसपास फिरकायचं नाही हा नियम, म्हणून मी स्वयंपाकघरात. खिडकीतून शेंडे दिसत होते. एकेक शेंडा थरथरायचा, थोडा विचार केल्यासारखा थांबायचा, आणि ओळीतून नाहीसा व्हायचा. कुठला ते काही कळत नव्हतं. मी कांदेपोहे केले, वर खोबरं, लिंबू, आणि कुंपणापर्यंत नेऊन दिले. डोनलने दोनदा मागून घेतले. माझी झाडं पडत होती आणि मी पोह्यांवर कोथिंबीर भुरभुरवत होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी आत गेले.

रस्त्याकडे ओंडक्यांची रास होती, तासल्यासारखे सरळ, वीस-वीस वर्तुळं, आणि कित्येकांवर माझा नारिंगी ठिपका. रानात उरली होती ती सगळी कुबडी, बेळक्याची, काडीसारखी. उजेड भरपूर होता. इतका उजेड की कुठेही बघायची सोय नव्हती. डिंकाचा वास घशात बसला. मी एका बुंध्यावर टेकले आणि हात उचलला तर तळवा चिकटलेला, ओला. अजून पाणी वर चढत होतं, वर काही नसताना.

तेव्हासुद्धा, खरं सांगते, मी डोनलवर चिडले नाही. म्हटलं, त्यालाही माहीत नसेल. त्यानेही माझ्यासारखंच उलटं धरलं असेल. पण उलटं धरलं असतं तर त्याने माझी झाडं राखली असती, एवढा साधा हिशेब डोक्यात यायला मला आठवडा लागला. मधल्या वेळात मी घरी थापा मारल्या. मुग्धा खिडकीतून म्हणाली, असंच दिसतं का गं? मी म्हटलं, सुरुवातीला असंच दिसतं बाप्पा, दम धर.

नोरा आली. रानाच्या मध्यात उभी राहिली, एकदा गोल फिरली, आणि सहीचा कागद मागितला. मी गेरूची सगळी कथा सांगितली. तिने ती न हसता ऐकून घेतली. मग कागदाची नीट घडी केली आणि म्हणाली की रंगाचा धडा झाला त्या शनिवारी डोनल पहिल्या रांगेत होता. ठिपका म्हणजे तोड, हे वाक्य तिने त्याच्याकडूनच म्हणवून घेतलं होतं.

त्यानंतर तो वर्गात आला नाही. जुनी गाडी आमच्या दारात थांबली नाही. नोराने मला कॉलेजच्या रानात पुन्हा खुणा करायला लावल्या, मी उत्तीर्ण झाले, प्रमाणपत्र प्रेसमध्ये आहे, चिवड्याच्या डब्यामागे. फेब्रुवारीत वादळ आलं. दाटीत वाढलेली बारकी झाडं एकमेकांच्या खांद्यावर उभी असतात. ते खांदे मीच काढून दिले होते. सकाळी सगळं रान एका दिशेला झोपलेलं, मुळांच्या ताटल्या उभ्या, त्यांत पाणी साचलेलं. मग मी मुग्धाला सगळं सांगितलं. ती माझ्या पाठीवरून हात फिरवत म्हणाली, "जाऊ दे ना आई. झाडंच होती." ती प्रेमानेच बोलली. पण मला वाटलं, आलापल्लीच्या नाकेदाराच्या नातीने हे म्हणावं? म्हणजे ते रान तुझं असं ती म्हणाली होती, ते ईराला आपण भातुकलीतला खोटा चहा पिऊन दाखवतो तसलंच होतं की काय.

आता तिथे हिरवळ आहे. चांगली आहे, हिरवी आहे. ईरा दहाची झाली, तिथे चेंडू मारत असते. एका कोपऱ्यात एक बुंधा मी काढू दिला नाही. त्याच्यावर बसून मी ऊन खाते, असेल तेव्हा. गेरू कुठून आणणार, म्हणून मुंबईहून येणाऱ्या एकीला मी आणायला सांगितलाय. कशाला, हे तिने विचारलं नाही आणि मीही सांगितलं नाही.

डोनल मला त्यानंतर एकदाच भेटला, दीड वर्षाने, कासलबारमध्ये औषधांच्या दुकानात. त्याला काय काय सुनवायचं याचं मी इंग्रजीत भाषण तयार केलं होतं, भांड्यांच्या मशीनला कित्येकदा म्हणून दाखवलं होतं. विश्वासघात या शब्दाचं इंग्रजी मी ईराकडून मुद्दाम शिकून घेतलं होतं. आणि रांगेत तो माझ्यापुढे उभा होता, मान जरा आखडलेली, हातात खोकल्याची बाटली, खिशातून पेपरमिंटचा तोच वास. भाषण गेलं कुठल्या कुठे. माझ्या तोंडून एवढंच निघालं, "डोनल, माझी झाडं."

त्याने टोपी काढली, पूर्वी सागाच्या गोष्टी ऐकताना काढायचा तशी, आणि अगदी मनापासून म्हणाला, "तुमची नजर ग्रँड होती, आजी. तुम्ही निवडलेल्यांच्या बाहेरचं एकही झाड मी नेलं नाही."